घटक ४ : ‘रिकाम्या’ भूमीचे प्रवासवर्णन (गोबी आणि मंगोलियाचा गवताळ प्रदेश यांच्या संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

• विरळ वस्तीच्या प्रदेशाचे वर्णन करताना भाषेसमोर येणाऱ्या अडचणी सांगता येतील.
• ‘तेथे काही नव्हते’, ‘मला काही दिसले नाही’ आणि ‘मी पाहिले नाही’ या वाक्यरचनांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• ‘वाळवंट’, ‘ओसाड’, ‘भटके’ या मराठी शब्दांत दडलेली गृहीतके ओळखता येतील.
• प्रवाशाने दिलेले नाव आणि रहिवाशांचे नाव यांची तुलना करता येईल.
• स्वतःच्या परिसरातील एखाद्या ‘रिकाम्या’ जागेचे वर्णन जबाबदारीने लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७), अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही नावे तुमच्या परिचयाची आहेत. या तिन्ही पुस्तकांचा काळ आणि वृत्ती वेगळी असली, तरी त्यांच्यात एक समान धागा आहे. त्यांतील प्रवासी माणसांच्या गजबजाटातून जातात. गोडसे भटजींच्या वाटेवर १८५७चा रणसंग्राम आहे, काणेकरांच्या वाटेवर युरोप आणि रशिया आहे, पु. लं.च्या वाटेवर लंडन-पॅरिस आहे. लिहिण्याजोग्या गोष्टी तेथे चालून समोर येतात.

परंतु दिवसभर आगगाडी धावूनही खिडकीबाहेरचे दृश्य बदललेच नाही, तर प्रवाशाने काय लिहावे? गाव नाही, देऊळ नाही, बाजार नाही. अशा ठिकाणी लेखकाचा हात आपोआप काही ठरावीक विशेषणांकडे जातो : ओसाड, उजाड, भयाण, निर्जीव. ही विशेषणे त्या भूमीचे वर्णन करतात, की लेखकाच्या अपरिचयाचे? हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासासाठी आपण एक प्रत्यक्ष मार्ग घेणार आहोत. पाठीवर पिशवी घेऊन, रेल्वेने आणि पुढे जीपने, मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातून गोबीत जाण्याचा हा मार्ग आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल. त्याने अडचण येणार नाही, कारण आपल्याला तपासायची आहे ती आपली मराठी.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मार्गाची ओळख

सायबेरियातून जाणाऱ्या रशियन लोहमार्गाला उलान-उदे या शहराजवळ दक्षिणेकडे एक फाटा फुटतो. नाउश्की हे रशियाच्या बाजूचे सीमेवरील स्थानक. तेथून हा मार्ग मंगोलियात शिरतो, राजधानी उलानबातरवरून साईनशांद व झामिन-उद ही स्थानके घेतो आणि चीनमधील एरलियानमार्गे बीजिंगला पोहोचतो. १९५६पासून हा मार्ग सलग खुला झाला. मंगोलियात रुळांमधील अंतर १५२० मिलिमीटर, तर चीनमध्ये १४३५ मिलिमीटर आहे. म्हणून सीमेवर डबे उचलून धरतात आणि त्यांच्याखालचे चाकांचे सांगाडे बदलतात. या कामाला काही तास लागतात. आपल्याकडील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे असते, हे येथे तुलनेसाठी लक्षात ठेवा.

चाकांच्या या सांगाड्याला रेल्वेच्या तांत्रिक भाषेत ‘बोगी’ म्हणतात. बोलीतल्या मराठीत मात्र ‘बोगी’ म्हणजे सबंध डबा. त्यामुळे ‘सीमेवर बोगी बदलली’ असे एखाद्याने लिहिले, तर प्रवाशांना सामानासह दुसऱ्या डब्यात जावे लागले, असा वाचकाचा समज होईल. प्रत्यक्षात प्रवासी आपल्या जागेवर बसून असतात आणि बदल त्यांच्या पायांखाली होतो. शब्द तोच असूनही वर्णन चुकू शकते, याचे हे साधे उदाहरण आहे.

रेल्वे सोडल्यावर जीप येते. मंगोलियाच्या आडवाटांवर दीर्घकाळ रशियन बनावटीच्या ‘उआझ’ जीपगाड्या चालल्या. या जीपला तेथील लोक ‘जारान योस’, म्हणजे ‘एकोणसत्तर’ म्हणतात. तिच्या आधीच्या गाडीच्या नावात ६९ हा आकडा होता. गाडी बदलली तरी आकडा जिभेवर राहिला. आडवाटेला डांबरी रस्ता नसतो. चाकोऱ्या असतात, आणि एक चाकोरी खराब झाली की शेजारी दुसरी पडते.

या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १५.६४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट आहे. लोकसंख्या सुमारे ३५ लाख. दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम दोन माणसे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ३६५ होते. ३६५च्या सवयीचे डोळे २च्या प्रदेशात गेले की त्यांना ‘काहीच नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न पुढे सुरू होतो : जे वाटले, ते लिहावे कसे?

४.२.२ दोन उतारे

पुढील दोन्ही उतारे या घटकासाठी मुद्दाम रचले आहेत. मार्ग एकच आहे. प्रत्येक उतारा दोनदा वाचा.

*उतारा अ*

“सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी वाळवंटात शिरली होती. खिडकीबाहेर काहीच नव्हते. नजर जाईल तिथवर ओसाड, निर्जीव भूमी पसरली होती. झाड नाही, पाणी नाही, माणूस नाही. काळ जणू इथे थांबला होता. साईनशांदला उतरून आम्ही जीप केली. त्या भयाण पोकळीतून तीन दिवस धक्के खात आम्ही चाललो होतो. रस्ता असा नव्हताच. कधी एखाद्या भटक्याचा तंबू दिसे आणि मागे पडे. अखेर तिसऱ्या सायंकाळी ते जगप्रसिद्ध लाल कडे समोर आले आणि डोळ्यांचे पारणे फिटले.”

*उतारा ब*

“सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी गोबीत शिरली होती. पहिला तासभर मला बाहेर काहीच दिसले नाही. समोरच्या बाकावरच्या आजींना दिसत होते. त्या बोट दाखवून एकच शब्द म्हणाल्या, ‘तेमे.’ मी डोळे ताणले, तेव्हा क्षितिजापाशी काही तपकिरी ठिपके हलताना दिसले. उंट होते. मग जमीन दिसू लागली. ती वाळूची नव्हती, बारीक खड्यांची होती, आणि त्या खड्यांतून राखी-हिरव्या गवताचे झुबके हातहातभर अंतरावर उगवले होते. साईनशांदला उतरून आम्ही जीप केली. चालक मधूनच चाकोरी सोडून एखाद्या गेरकडे वळे, दुरूनच ‘नोखोइ खोर!’ अशी हाक देई, चहा घेई आणि मग वाट विचारी. मी नकाशा पुढे केला की हसून तो घडी घालून परत देई. तिसऱ्या सायंकाळी बायनझगला पोहोचलो. मी लाल कड्यांकडे पाहत राहिलो. चालक कड्यांकडे पाठ करून उभा होता. तो खालच्या सपाटीवरची झुडपे पाहत होता.”

‘गेर’ म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीचे नमदे चढवून उभारलेले गोल घर. त्याचे दार सामान्यतः दक्षिणेकडे असते. ‘नोखोइ खोर’ याचा शब्दशः अर्थ ‘कुत्रा आवरा’. गेरला ठोठावण्याची रीत नाही, तेव्हा पाहुणा दुरून ही हाक देतो. कुत्रा असो वा नसो, हाक तीच. आपण दारात उभे राहून ‘कोणी आहे का घरात?’ म्हणतो, तसाच तिचा उपयोग आहे.

४.२.३ ‘नव्हते’, ‘दिसले नाही’, ‘पाहिले नाही’

दोन्ही उताऱ्यांचा आरंभ एका अनुभवाने होतो. बाहेर पाहिले आणि हाती काही लागले नाही. पहिला लेखक म्हणतो, ‘काहीच नव्हते’. दुसरा म्हणतो, ‘मला काहीच दिसले नाही’. मराठीच्या व्याकरणात या दोन वाक्यांची घडण मुळातच वेगळी आहे.

‘खिडकीबाहेर काहीच नव्हते’ हे अस्तित्ववाचक वाक्य आहे. ते जगाविषयी विधान करते. त्यात पाहणारा कोठेच नाही, त्यामुळे चूक झाली असेल तर ती कोणाची, हेही कळत नाही.

‘मला काहीच दिसले नाही’ या वाक्यात पाहणारा चतुर्थीत येतो. ‘दिसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. जे दिसते ते व्याकरणातील कर्ता आणि ज्याला दिसते तो अनुभवक. ‘मला भूक लागली’, ‘तिला आठवले’, ‘आम्हांला कळले’ ही वाक्ये याच घडणीची आहेत. या रचनेने विधानाला मर्यादा पडते. वस्तू नव्हती असे लेखक म्हणत नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचली नाही, एवढेच म्हणतो. वाक्यात ‘मला’ आल्याबरोबर ‘मग कोणाला दिसले?’ या प्रश्नाला जागा होते. उतारा ‘ब’मधील आजी याच जागेतून आत येतात. उतारा ‘अ’च्या लेखकासमोरही त्या बसलेल्या असतील, पण त्याच्या वाक्यात त्यांना शिरायला फट नाही.

तिसरी रचना आहे ‘मी पाहिले नाही’. ‘पाहणे’ सकर्मक आहे आणि त्यात कर्त्याचा प्रयत्न गृहीत आहे. म्हणून ही रचना कबुलीची आहे : गोष्ट होती, मी लक्ष दिले नाही. ‘नव्हते’मध्ये सगळा भार जगावर टाकलेला असतो, ‘दिसले नाही’मध्ये तो जग आणि पाहणारा यांच्या मध्ये राहतो, आणि ‘पाहिले नाही’मध्ये लेखक तो स्वतः उचलतो. प्रामाणिक प्रवासवर्णनात या तिन्हींची गरज पडते. प्रत्येकीचे प्रसंग कोणते, हे ओळखणे महत्त्वाचे.

उतारा ‘अ’मधील ‘दिसे आणि मागे पडे’ या क्रियापदांकडेही लक्ष द्या. रेल्वेच्या खिडकीतून पाहण्याची सवय झाली, की वस्तू आपण होऊन येतात आणि जातात असे लिहिले जाते. त्या लेखकाने जीपचा प्रवासही खिडकीच्याच क्रियापदांनी केला. दुसऱ्याच्या प्रवासात जीप थांबते, चालक उतरतो, विचारतो. वाहन बदलल्यावर क्रियापदे बदलली की नाहीत, ही प्रवासवर्णन तपासण्याची एक सोपी कसोटी आहे.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*

अ) ‘मला दिसले’ या रचनेत ‘मला’ची विभक्ती कोणती?
आ) ‘नोखोइ खोर’ या हाकेचा शब्दशः अर्थ काय?
इ) मंगोलियात आणि चीनमध्ये रुळांमधील अंतर किती मिलिमीटर आहे?

४.२.४ आपले शब्द काय गृहीत धरतात?

‘वाळवंट’ या शब्दाचा मराठी माणसाला जुना परिचय आहे तो नदीकाठच्या वाळूचा. पंढरपूरला वारकरी जमतात ते चंद्रभागेच्या वाळवंटात. तेथे पाणी हाकेच्या अंतरावर असते आणि माणसांचा महापूर असतो. पुढे भूगोलाच्या पुस्तकांत सहारा, थर आणि गोबी यांच्यासाठी हाच शब्द रूढ झाला. त्याच्यातील ‘वाळू’ मात्र मागे राहिली नाही. म्हणून ‘गोबीचे वाळवंट’ म्हणताच आपल्यासमोर वाळूच्या लाटा उभ्या राहतात. प्रत्यक्षात गोबीचा वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला भाग थोडा आहे. पुष्कळसा प्रदेश खड्यांचा, खडकांचा आणि विरळ गवताचा आहे. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली ४० अंशांपर्यंत जाऊ शकते. योलिन आम या घळीत तर उन्हाळ्यातही काही काळ बर्फ टिकते. ‘वाळवंट’ हा शब्द वापरू नये असे नाही. तो वापरल्यावर वाचकाच्या डोळ्यांतील वाळू काढण्याचे काम लेखकाने करावे.

‘ओसाड’ची गोष्ट निराळी. ‘ओसाड गावची पाटीलकी’ हा वाक्प्रचार आठवा. गाव ओसाड पडते, घर ओसाड पडते. म्हणजे आधी तेथे कोणी राहत होते आणि आता ते उठून गेले. ‘उजाड’मध्येही हीच हानीची छटा आहे. ज्या भूमीवर शेकडो वर्षे कळप चरत आले आणि आजही चरतात, तिला ‘ओसाड’ म्हणणे अर्थाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

आता ‘भटके’. भटकणे म्हणजे उद्देशावाचून फिरणे. मंगोल पशुपालकांचे फिरणे तसे नाही. त्यांच्या भाषेत हिवाळ्याच्या मुक्कामाला, वसंतातील मुक्कामाला, उन्हाळ्याच्या मुक्कामाला आणि शरदातील मुक्कामाला चार वेगळी नामे आहेत. हिवाळ्यातील जागा वाऱ्यापासून आडोशाची हवी, उन्हाळ्यातील पाण्याजवळची हवी. कुटुंबे बहुधा त्याच त्या जागी परत जातात. ज्यांच्याकडे मुक्कामासाठी चार शब्द आहेत त्यांना एका ‘भटक्या’त गुंडाळले, तर अर्थाचा मोठा भाग गळतो. ‘ऋतुमानानुसार स्थलांतर करणारे पशुपालक’ हा प्रयोग लांब आहे, पण खरा आहे. आणि ‘काळ थांबला होता’ हे वाक्य वर्षातून चार वेळा घर उलगडून पुन्हा उभारणाऱ्या माणसांविषयी लिहिले आहे, हेही विसरू नका.

४.२.५ तेथील शब्द काय पाहतात?

‘गोबी’ हे आपण विशेषनाम समजतो. मंगोल भाषेत ‘गोवी’ हे भूमीच्या एका प्रकाराचे सामान्यनाम आहे : कोरडी, खड्यांची, विरळ वनस्पतींची, पण उंट पोसणारी जमीन. गवताच्या मैदानाला ‘ताल’ किंवा ‘खेर’, डोंगराळ, पाणथळ, झाडीच्या मुलखाला ‘खांगाय’, वाळूला ‘एल्स’ असे निरनिराळे शब्द आहेत. खऱ्या निर्जल वाळवंटासाठी ‘त्सोल’ हा शब्द वेगळा आहे. म्हणजे जिला जग ‘गोबीचे वाळवंट’ म्हणते, तिच्यासाठी तेथील माणसाने ‘वाळवंट’ हा शब्द राखून ठेवलेला नाही. मंगोल परंपरेत तर तेहेतीस गोबींचा उल्लेख केला जातो.

स्थळनामेही बोलकी आहेत. ‘साईनशांद’ म्हणजे चांगला झरा किंवा चांगले उथळ पाणी. ‘झामिन-उद’ म्हणजे वाटेचे दार. उतारा ‘अ’चा लेखक ‘पाणी नाही’ असे लिहून ज्या स्थानकावर उतरला, त्या स्थानकाच्या नावातच पाणी होते.

संकटाचे शब्द अधिक काटेकोर आहेत. कडक हिवाळ्यात जनावरे मोठ्या संख्येने मरतात, त्या आपत्तीला ‘झुद’ म्हणतात. बर्फाचा थर जाड होऊन गवत झाकले गेले तर ‘पांढरा झुद’. बर्फ पडलेच नाही आणि जनावरांना चाटायलाही पाणी उरले नाही तर ‘काळा झुद’. बर्फ वितळून पुन्हा गोठले आणि गवतावर कवच धरले तर ‘लोखंडी झुद’. २००९-१०च्या हिवाळ्यातील झुदमध्ये देशातील ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली. अनेक कुटुंबे कळप गमावून उलानबातरच्या कडेला येऊन राहिली. पाहुण्याच्या डोळ्यांना ही तिन्ही दृश्ये ‘सर्वत्र थंडीच थंडी’ अशी एकसारखी वाटतील. ज्याचे घर जनावरांवर चालते त्याला मात्र वेगळे शब्द हवेत, कारण प्रत्येक वेळी करावयाचा उपाय वेगळा असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. परकी भाषा म्हणजे अद्भुताचे कोठार, असेही समजू नये. मंगोल भाषेत मंगळाला ‘अंगारग’, बुधाला ‘बुद’, गुरूला ‘बार्खस्बाद’, शुक्राला ‘सुगार’ आणि शनीला ‘सांचिर’ म्हणतात. बौद्ध परंपरेबरोबर तेथे पोहोचलेले हे संस्कृत शब्द तुम्ही लगेच ओळखाल. अंतराळाला तेथे ‘सान्सार’ म्हणतात. तो आपला ‘संसार’च आहे. उलट दिशेने, उलानबातर या नावातील ‘बातर’ आणि फारसीतून मराठीत आलेला ‘बहादूर’ हे एकाच मध्य आशियाई शब्दाचे वंशज आहेत. ‘उलान’ म्हणजे लाल, म्हणून उलानबातर म्हणजे लाल वीर. आपला ‘दरोगा’ही मूळचा मंगोल. तसेच, आजच्या गेरशेजारी सौरफलक आणि मोटारसायकल असते, हे लिहिण्याचा संकोच करू नये. ‘निरागस, निसर्गाच्या कुशीत राहणारी माणसे’ हे वर्णन ‘ओसाड’ इतकेच न पाहता केलेले असू शकते.

४.२.६ नाव कोण देतो?

दोन्ही उतारे बायनझगपाशी संपतात. हे स्थळ जगभर ‘जळते कडे’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने काढलेल्या मोहिमेने, रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली, १९२२मध्ये हे कडे पाहिले. मावळतीच्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसतात, म्हणून हे नाव. रहिवाशांचे ‘बायनझग’ हे नाव मात्र कड्यांविषयी काहीच बोलत नाही. ‘बायन’ म्हणजे समृद्ध आणि ‘झग’ म्हणजे सॅक्सॉल हे काटक झुडूप. बायनझग म्हणजे ‘झगने समृद्ध’. हे झुडूप सालीत ओलावा साठवते, त्याच्या मुळ्यांनी वाळू धरून ठेवली जाते, आणि त्याचे जड लाकूड कडक हिवाळ्यात उत्तम जळण असते. जळणासाठी तोड झाल्याने ते अनेक ठिकाणी कमी झाले आहे. उतारा ‘ब’मधील चालक कड्यांकडे पाठ करून काय पाहत होता, ते आता कळेल. पाहुण्याच्या नावात रंग आहे. रहिवाशाच्या नावात हिवाळ्याची तरतूद आहे.

याच कड्यांतून नावाविषयीचा आणखी एक धडा मिळतो. १९२३मध्ये येथे डायनोसॉरची अंडी सापडली. ती प्रोटोसेराटॉप्स या प्राण्याची असावीत, असा तेव्हा तर्क झाला. अंड्यांलगत दुसऱ्याच एका प्राण्याची कवटी मिळाली. तो अंडी पळवायला आला असावा, असे समजून १९२४मध्ये त्याला ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे ‘अंडेचोर’, हे नाव देण्यात आले. नाव देणारे शास्त्रज्ञ हेन्री फेअरफील्ड ऑसबर्न यांनीच ते दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी शंका नोंदवली होती. १९९३मध्ये गोबीतच तशाच अंड्यात गर्भाचे अवशेष मिळाले आणि तो गर्भ ओव्हिरॅप्टरच्या कुळातील निघाला. पुढे त्याच कुळातील प्राणी अंड्यांवर बसलेल्या स्थितीत सापडल्याचेही जाहीर झाले. चोर ठरवलेला जीव त्या घरट्याचा धनी असण्याचाच संभव अधिक होता. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार केवळ अर्थ चुकला म्हणून नाव बदलत नाही. त्यामुळे तो आजही ‘अंडेचोर’च आहे. एकदा छापलेले नाव पुसणे इतके अवघड असते.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २*

अ) ‘बायनझग’ या नावाचा अर्थ काय?
आ) ‘काळा झुद’ कशाला म्हणतात?
इ) ‘ओव्हिरॅप्टर’ हे नाव कोणत्या वर्षी देण्यात आले?

४.२.७ शब्दाचे परिणाम

‘एखाद्या पुस्तकात ओसाड लिहिले, तर बिघडले काय?’ असे तुम्ही विचाराल. बिघडते ते पुस्तकाबाहेर. जी भूमी रिकामी म्हणून नोंदली जाते, ती दुसऱ्या कामाला देणे सोपे होते. गोबीत ओयू तोल्गोय येथे तांबे आणि सोने यांची प्रचंड खाण आहे. ‘ओयू तोल्गोय’ म्हणजे पिरोजाची टेकडी. तेथील उघड्या खाणीतून २०१३मध्ये उत्पादन सुरू झाले. देशाच्या उत्पन्नात खाणींचे महत्त्व मोठे आहे, हे खरे. त्याबरोबर पाणी आणि कुरणे यांवरून पशुपालकांना दीर्घ वाटाघाटी कराव्या लागल्या, हेही खरे. वाटाघाटीला बसण्यासाठी आधी ‘येथे आम्ही आहोत’ हे सिद्ध व्हावे लागते.

हा प्रश्न केवळ दूरच्या देशाचा नाही. भारतातही नैसर्गिक गवताळ प्रदेशांचा मोठा भाग सरकारी नोंदींत पडीक जमिनींत मोजला जात आला आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळाचा विचार करा. ज्या पक्ष्यासाठी हे अभयारण्य झाले, त्याच्या ‘माळढोक’ या नावातच माळ आहे. मेंढपाळाला ‘माळ’, ‘कुरण’, ‘गायरान’ आणि ‘पडीक’ यांतील भेद नेमका ठाऊक असतो. दफ्तरात या सर्वांचे एकच ‘पडीक’ झाले, की पक्ष्याची, लांडग्याची आणि मेंढपाळाची अशा तिघांची जागा एका शब्दात नाहीशी होते. आपल्या भाषेत हे भेद आहेत. ते वापरात ठेवणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

४.३ सारांश

विरळ वस्तीच्या प्रदेशात प्रवासवर्णनाच्या भाषेची खरी परीक्षा होते. ‘तेथे काही नव्हते’ हे विधान बहुधा ‘मला काही दिसले नाही’ याचे घाईने केलेले रूप असते. मराठीतील चतुर्थीची अनुभवक रचना लेखकाला आपली मर्यादा मान्य करण्याची सोय देते आणि दुसऱ्याच्या नजरेला वाक्यात जागा देते. ‘वाळवंट’, ‘ओसाड’, ‘भटके’ हे शब्द आपापली गृहीतके घेऊन येतात. रहिवाशांचे शब्द आणि स्थळनामे त्यांच्या गरजांतून घडलेली असल्याने भूमीतील सूक्ष्म भेद दाखवतात. बाहेरून दिलेले नाव चुकले, तरी टिकून राहते. म्हणून नाव देण्यापूर्वी विचारावे. उतारा ‘ब’चा चालक वाट विचारण्याआधी थांबतो, हाक देतो आणि चहा घेतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानेही याच क्रमाने जावे.

४.४ पारिभाषिक शब्द

अनुभवक – क्रियेचा अनुभव ज्याला येतो तो. मराठीत अनेकदा चतुर्थीत येतो.
अस्तित्ववाचक वाक्य – एखादी गोष्ट आहे किंवा नाही एवढेच सांगणारे वाक्य.
गृहीतक – शब्दात किंवा वाक्यात न बोलता मानून घेतलेली गोष्ट.
नमदा – लोकर दाबून तयार केलेले जाड वस्त्र.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) चतुर्थी. आ) कुत्रा आवरा. इ) मंगोलियात १५२० आणि चीनमध्ये १४३५.

प्रश्न २ : अ) झग या झुडपाने समृद्ध (जागा). आ) बर्फ न पडल्याने जनावरांना पाणी मिळत नाही, अशा हिवाळी आपत्तीला. इ) १९२४.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. उतारा ‘अ’मधील प्रत्येक नकारात्मक वाक्य ‘मला… दिसले नाही’ या रचनेत लिहा. अर्थात काय बदल होतो, ते स्पष्ट करा.
२. ‘पाहुण्याचे नाव आणि रहिवाशाचे नाव’ या विषयावर बायनझगच्या आधारे टिपण लिहा.
३. उतारा ‘ब’मध्येही काही उणिवा आहेत. आजींचे किंवा चालकाचे एकही सलग वाक्य त्यात नाही. ही उणीव भाषेच्या अडचणीची आहे, की लेखकाच्या दृष्टीची? चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी-व्यवसायासाठी रोज एसटीने किंवा रेल्वेने प्रवास करतात. त्या वाटेवरची, तुम्हांला ‘काहीच नाही’ अशी वाटणारी एक जागा निवडा. प्रथम तिचे वर्णन दहा ओळींत लिहून ठेवा. नंतर त्या जागेशी रोजचा संबंध असलेल्या एका व्यक्तीला – गुराखी, मेंढपाळ, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या मावशी, गँगमन – भेटा आणि तेथील झाडे, गवत, दगड, पाणी, वारा यांसाठी त्या वापरत असलेले किमान दहा शब्द त्यांच्या उच्चारांसह नोंदवा. मग तेच वर्णन पुन्हा लिहा. दोन्ही लेखने संपर्कसत्राला येताना सोबत आणा. पहिले लेखन फाडून टाकू नका, कारण चर्चा दोन्हींमधील अंतरावर होणार आहे.